पाठांतर स्पर्धेसाठी कविता निवडताना: बोलणारा कोण, ऐकणारा कोण?

दरवर्षी १४ ते २८ जानेवारी या काळात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा साजरा होतो आणि पुढे महिन्याभरात, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन येतो. या दिवसांत शाळा, वाचनालये आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळे कविता पाठांतराच्या स्पर्धा भरवतात, आणि सूचनाफलकावर कागद लागला की दुसऱ्याच दिवशी पालक विचारू लागतात, ‘आमच्या मुलासाठी एखादी छान कविता सुचवता का?’ मी बरीच वर्षे मराठी शिकवते आहे, मुलांची तयारी करून घेते आहे आणि अधूनमधून परीक्षक म्हणूनही बसते; तरीही या प्रश्नाला मी कवितेचे नाव सांगून उत्तर देत नाही. छान कविता आपल्या भाषेत शेकड्यांनी आहेत, पण या मुलाच्या तोंडी, या वयात, या वेळेच्या मर्यादेत शोभणाऱ्या कविता थोड्याच असतात, आणि त्या शोधण्याचे काम मुलाला बरोबर घेऊनच करावे लागते.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगायला हवी, कारण पुढचे बहुतेक सगळे मी त्या चुकीतून शिकले. सातवीतल्या एका हळू बोलणाऱ्या, समजूतदार मुलीला मी केशवसुतांची ‘तुतारी’ दिली होती. १८९३ साली लिहिलेली ही कविता माझी अत्यंत आवडती, आणि स्पर्धेत जोरकस कविताच उठून दिसते अशी माझी तेव्हा समजूत होती. त्या मुलीने तीन आठवडे प्रामाणिक मेहनत केली, एकही शब्द चुकवला नाही. परंतु ‘भेदुनि टाकिन सगळी गगनें’ म्हणताना तिचा आवाज चिरकू लागला आणि तिसऱ्या कडव्यापासून ती फक्त शब्द शेवटपर्यंत पोहोचवण्याची धडपड करत राहिली. दोष तिचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. पुढच्या वर्षी तिनेच शांता शेळके यांची ‘पैठणी’ निवडली आणि सभागृह निःशब्द होऊन तिला ऐकत राहिले, कारण आजीच्या पैठणीविषयी बोलणारी नात होणे तिला सहज जमत होते.

नियमपत्रक आधी, कविता नंतर

कविता शोधायला लागण्यापूर्वी स्पर्धेचे नियमपत्रक शब्दशः वाचावे आणि जे त्यात स्पष्ट नसेल ते संयोजकांना विचारून घ्यावे. स्पर्धा पाठांतराची आहे, काव्यवाचनाची आहे की काव्यगायनाची, हा पहिला प्रश्न होय. काव्यवाचनात हाती कागद चालतो, पाठांतरात चालत नाही आणि काव्यगायनात चाल अपेक्षित असते. ही नावे मात्र पुष्कळदा सैलपणे वापरली जातात, म्हणून नावावर विसंबून राहू नये. स्वतः लिहिलेली कविता हवी की प्रसिद्ध कवीची, चालू वर्षाच्या पाठ्यपुस्तकातली कविता चालते का, बोलीतली कविता चालते का, वेशभूषेला गुण आहेत का, आणि वेळ कुठून मोजायची, म्हणजे मुलाने आपले व कवीचे नाव सांगितल्यापासून की कवितेच्या पहिल्या शब्दापासून, एवढे कळले की अर्धा गोंधळ मिटतो.

वेळेची मर्यादा दोन्ही बाजूंनी पाहावी. तीन मिनिटांची मर्यादा असेल तर घरी सावकाश म्हणताना अडीच मिनिटांत संपणारी कविता घ्यावी, कारण व्यासपीठावर काही मुले वेग वाढवतात, काही थबकतात, आणि शेवटच्या घंटेच्या भीतीने घाईत उरकलेली कविता कितीही चांगली असली तरी वाया जाते. उलट बाजूने, मर्यादा तीन मिनिटांची आहे म्हणून कविता तीन मिनिटांची असलीच पाहिजे असे नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’ अवघ्या चौदा ओळींची आहे आणि योग्य विराम घेऊन म्हटली तर साधारण दीड मिनिटात संपते. त्या दीड मिनिटात एक आख्खा माणूस उभा राहतो. लांबीला वेगळे गुण असल्याचे मी कोणत्याही गुणपत्रकात पाहिलेले नाही.

कविता लांब असेल आणि तिचा काही भागच घ्यायचा असेल, तर तोडताना विचार करावा. पहिली चार कडवी घेऊन पुढचे सोडून देणे हा सोपा मार्ग आहे, पण बहुतेक कवितांचे वळण उत्तरार्धात असते आणि ते सोडले की उरते ती नुसती प्रस्तावना. मधली कडवी गाळून आरंभ आणि शेवट ठेवणे पुष्कळदा अधिक न्याय्य ठरते. मात्र नियमात तसे चालत असेल तरच, आणि सुरुवातीला ‘या कवितेतील काही कडवी’ असे स्वच्छ सांगूनच.

मुलाचा आवाज, श्वास आणि बोली

यानंतर कवितेकडे नव्हे, मुलाकडे पाहावे. मूल घरात आनंदाची गोष्ट सांगताना कसे बोलते, रागावल्यावर त्याचा आवाज वर चढतो की खाली जातो, एका श्वासात ते किती शब्द बोलू शकते, या गोष्टी पालकांना आधीच माहीत असतात; फक्त त्यांचा कवितेच्या निवडीशी संबंध आहे हे लक्षात आलेले नसते. ज्याचा श्वास अजून लहान आहे अशा तिसरी-चौथीतल्या मुलाला अक्षरगणवृत्तातल्या लांब ओळी देऊ नयेत. त्याला इंदिरा संतांची ‘गवतफुला’ किंवा बालकवींची ‘फुलराणी’ यांसारख्या कविता जवळच्या वाटतात, कारण त्यांच्या ओळी आखूड आहेत, चित्रे डोळ्यांसमोर येणारी आहेत आणि बोलणाऱ्याचे कुतूहल मुलाच्याच वयाचे आहे.

वयाचा मुद्दा केवळ शब्द कठीण आहेत की सोपे, एवढाच नसतो. आयुष्याचा हिशेब मांडणारी, संसारात पोळून निघालेल्या माणसाची कविता नऊ वर्षांच्या मुलाने म्हटली की श्रोत्यांना त्याचे कौतुक वाटते, पण ते कौतुक पाठांतराचे असते. कविता मात्र कोणापर्यंतच पोहोचलेली नसते. तीच कविता नववी-दहावीतला विद्यार्थी म्हणतो तेव्हा त्याने घरात आईवडिलांची ओढाताण पाहिलेली असते आणि ते पाहिलेले त्याच्या आवाजात उतरते.

बोलीविषयी मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. स्पर्धा आली की मुलांच्या बोलण्यातले गाव पुसून टाकण्याचा प्रयत्न आपण शिक्षकच करतो. प्रमाण मराठीतली कविता प्रमाण उच्चारांत म्हटली पाहिजे हे खरे, पण बोलीतही उत्तम कविता आहे, आणि ज्या मुलाला ती बोली घरातून मिळाली आहे त्याने ती अभिमानाने निवडावी. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि इतर नातेवाइकांनी टिपून ठेवल्या आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या प्रसिद्ध झाल्या. म्हणजे ही कविता मुळात म्हणण्यासाठीच जन्मली आहे. जळगावकडच्या मुलाच्या तोंडी ‘अरे संसार संसार’ जसे येते तसे इतरांच्या तोंडी येण्यासाठी बरेच ऐकावे लागते. इतर भागांतल्या मुलांनी ती घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण मग ‘दाना’चा ‘दाणा’ करून ती सुधारू नये आणि दूरदर्शन मालिकांतल्या सरसकट ग्रामीण हेलात तिला बुडवूही नये.

इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत च, ज, झ यांचे दोन उच्चार हा सर्वांत नाजूक भाग असतो. नारायण सुर्वे यांच्या ‘भाकरीचा चंद्र’ या दोनच शब्दांत हे दोन्ही ‘च’ एकमेकांना लागून येतात: ‘भाकरीचा’मधला दंततालव्य आणि ‘चंद्र’मधला तालव्य. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एका तऱ्हेने उच्चारला जातो आणि ‘तू जग’ असे म्हणताना दुसऱ्या. निवड करताना अशा जागा पेन्सिलीने खुणावून पाहाव्यात. त्या फार असतील आणि वेळ कमी असेल तर कविता बदलणे श्रेयस्कर.

कविता कुठे शोधावी आणि कोणती संहिता खरी मानावी

आठ-दहा कवितांची पहिली यादी करावी. त्यासाठी कवींचे संग्रह, निवडक कवितांची पुस्तके आणि बालभारतीची जुनी पाठ्यपुस्तके हे तीन साठे पुरेसे आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांचा मोठा फायदा असा की आजी-आजोबांना, आईवडिलांना त्यातल्या कविता अजून येतात, आणि घरातले एखादे माणूस कविता म्हणून दाखवते तेव्हा मुलाला ती जितकी आवडते तितकी मी वर्गात शिकवून आवडत नाही.

फोनवर फिरत आलेल्या कवितेवरून मात्र पाठांतर सुरू करू नये. तिथे ओळी गळालेल्या असतात, शब्द बदललेले असतात आणि पुष्कळदा कवीचे नावच चुकीचे असते. भलत्याच कवीच्या नावावर कविता म्हणणाऱ्या मुलाची मेहनत पहिल्याच वाक्यात उणी पडते. गाणे म्हणून गाजलेल्या कवितांबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण संगीतासाठी कडवी कमी केली जातात किंवा ध्रुवपद पुन्हा पुन्हा घेतले जाते. छापील संग्रहातली संहिता हाताने वहीत उतरवून घ्यावी आणि अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे तशीच ठेवावीत. जुन्या कवितेत ‘आणुनि’ असे ऱ्हस्व लिहिलेले असते ते मात्रांसाठी. त्याचे ‘आणुनी’ केले की ओळ लंगडते.

गाजलेल्या कवितेविषयी एक व्यवहाराचा विचार. एकाच स्पर्धेत सात-आठ मुले ‘कणा’ म्हणतात आणि परीक्षकाच्या मनात नकळत तुलना सुरू होते. तेवढ्यासाठी ती टाळावी असे माझे मत नाही. मुलाला तीच मनापासून हवी असेल तर ती घ्यावी, पण तिची तयारी इतरांपेक्षा खोल असली पाहिजे. दोन कविता सारख्याच आवडत असतील तेव्हा मात्र कमी ऐकलेली निवडावी. त्याच कवीची कमी परिचित कविता शोधणे हाही उत्तम मार्ग आहे, कारण त्यानिमित्ताने आख्खा संग्रह चाळला जातो.

बोलणारा कोण, ऐकणारा कोण

आता निवडीच्या गाभ्याशी येऊ. यादीतली प्रत्येक कविता मुलाने एकदा मनात आणि दोनदा मोठ्याने वाचावी. मग त्याला दोनच प्रश्न विचारावेत. या कवितेत कोण बोलते आहे? आणि ते कोणाशी बोलते आहे? उत्तर मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, न अडखळता आले तर कविता यादीत राहते. ‘कवीने असे सांगितले आहे की’ अशा परीक्षेतल्या वाक्याने उत्तर सुरू झाले, तर ती कविता मुलाला अजून दिसलेली नाही असे समजावे.

‘कणा’ घेऊनच पाहू. पहिल्याच ओळीत ‘ओळखलत का सर मला?’ असे विचारणारा माणूस आहे आणि लगेच ‘पावसात आला कोणी’ असे सांगणारा दुसरा आवाज आहे. हा दुसरा आवाज सरांचा, म्हणजे पुरात सर्वस्व गेलेला विद्यार्थी ज्यांच्या दारात येतो त्यांचा. पुढे विद्यार्थी बोलतो. त्याची ‘गंगामाई’ म्हणजे नाशिककरांची गोदावरी, आणि घर उद्ध्वस्त करणाऱ्या नदीलाही तो माहेरवाशीण म्हणतो, तिच्याविषयी हसून बोलतो. अनेक मुले हा भाग रडव्या आवाजात म्हणतात, कारण प्रसंग दुःखाचा आहे. पण बोलणारा रडत नाही, तो हसतो आहे, आणि त्या हसण्यामुळेच ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. मग ‘खिशाकडे हात जाताच’ ही ओळ येते. हात कोणाचा? सरांचा. मदत म्हणून पैसे द्यावेत असे सरांना वाटते, ते पाहून विद्यार्थी उठतो. इथे कित्येक स्पर्धक विद्यार्थ्याचा हात विद्यार्थ्याच्याच खिशाकडे नेतात आणि कवितेचे सगळे वळण हातातून निसटते. मी परीक्षक असते तेव्हा या एका ओळीवरून मला कळते की कविता समजून म्हटली जाते आहे की नुसती तोंडपाठ आहे.

कुसुमाग्रजांच्याच ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेत, जी १९४२ च्या ‘विशाखा’त आहे, बोलणारा खलाशांचा नायक आहे आणि समोर खवळलेला समुद्र आहे. ‘किनारा तुला पामराला’ हे समुद्राला उद्देशून आहे. हे लक्षात न घेणारे स्पर्धक पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांकडे बोट रोखून ती ओळ म्हणतात आणि पाहुण्यांनाच पामर ठरवतात. समुद्र सभागृहाच्या मागच्या भिंतीपलीकडे आहे असे मुलाने ठरवले की नजर आपोआप वर आणि लांब जाते, आवाज किंचाळल्याशिवाय मोठा होतो, आणि गर्व हा आरडाओरड्यापेक्षा वेगळा भाव आहे हे त्याला शरीरानेच कळते.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत आधी सांगणारा आहे आणि मग बाण लागलेली पक्षीण आपल्या पिलांशी बोलते. या दोन आवाजांतले अंतर हाच कवितेचा प्राण आहे. पक्षिणीचे बोलणे क्षीण होत जाते, पण ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आले पाहिजे. क्षीण आवाज आणि अस्पष्ट आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे साधायला किमान आठवीनववीची समज लागते.

काही कवितांत कोणी कोणाशी बोलतच नाही. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता त्यातली. इथे एक पाहणारा आहे आणि त्याची नजर फिरते आहे: दोन तटांवरची हिरवाळी, निळासावळा झरा, टेकडीकडचे चिमुकले गाव, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि अगदी शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. त्या झाडापाशी आनंद आहे की उदासी, यावर समीक्षक फार काळ बोलत आले आहेत. मुलाने त्या वादात पडायची गरज नाही. प्रत्येक ओळीला आपण नेमके कुठे पाहतो आहोत एवढे त्याने ठरवले, आणि शेवटच्या ओळीआधी क्षणभर थांबला, तर पुरे. अशी कविता निवडायला धीर लागतो, कारण टाळी मिळवणारी जागा तिच्यात नाही. पण जाणत्या परीक्षकांसमोर, मोठ्या गटात, शांत स्वभावाच्या विद्यार्थ्याने ती घेतली तर मला मनापासून आनंद होतो.

मुक्तछंदातली कविता निवडताना हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी. तिथे यमकाचा आणि मात्रांचा आधार नसतो, म्हणून बोलणारा माणूस स्पष्ट नसेल तर ती गद्य उताऱ्यासारखी ऐकू येते. सुर्वे यांच्या कवितांत बोलणारा कामगार इतका ठळक असतो की विद्यार्थ्याला आधार मिळतो. मंगेश पाडगावकरांची ‘सलाम’ मुलांना तिच्यातल्या उपहासामुळे आवडते. मात्र त्यातली सलामांची लांब रांग पाठ करणे आणि तिच्यात हळूहळू चढत जाणारा संताप सांभाळणे ही कनिष्ठ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या ताकदीची गोष्ट आहे, त्याआधीची नव्हे.

लय: आधार आणि सापळा

मराठीत कविता चालीवर म्हणण्याची जुनी परंपरा आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. माझ्या आईला शार्दूलविक्रीडित, पृथ्वी, भुजंगप्रयात या वृत्तांच्या चाली शेवटपर्यंत येत होत्या. परंतु गायनाची स्पर्धा नसेल तेव्हा चाल बाजूला ठेवून लय तेवढी ठेवायची असते, आणि हे सांगणे सोपे, करणे अवघड आहे. ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’ या ओळीत आठ, आठ, आठ आणि सहा असे मात्रांचे गट पडतात. मूल ही ओळ दोनदा म्हणते आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज पाळण्यासारखा झुलू लागतो. मग हिरवळ, ऊन, इंद्रधनुष्य, फुले खुडणाऱ्या मुली, सगळे एकाच सुरात येते.

यावर मी करून घेते तो उपाय असा. कविता एकदा पूर्ण गद्यासारखी, खिडकीतून बाहेर पाहत बहिणीला सांगितल्यासारखी वाचायची. मग पुन्हा वाचताना लय आपोआप परत येऊ द्यायची, पण जोर मात्र गद्यात ज्या शब्दावर आला होता त्याच शब्दावर ठेवायचा. ओळ संपली तरी अर्थ संपला नसेल तर थांबायचे नाही. अर्थ ओळीच्या मध्येच पुरा झाला असेल तर तिथे थांबायला घाबरायचे नाही. यमकाच्या शब्दावर हातोडा मारू नये, ते न सांगताही ऐकू येते. निवडीच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की दोन दिवस प्रयत्न करूनही ज्या कवितेतला पाळणा थांबत नाही ती या वेळी बाजूला ठेवावी.

विनोदी कविता घेणाऱ्यांनी वृत्ताकडे आवर्जून पाहावे. केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, यांची ‘आजीचे घड्याळ’ शार्दूलविक्रीडितात आहे. असे भारदस्त वृत्त आणि त्यात आजीचे न दिसणारे घड्याळ, ही गंमत गंभीर चेहऱ्याने म्हटली तरच खुलते.

तिघींतून एक

दहा कवितांतून तीन उरल्या की चार दिवस काहीही ठरवू नये. रोज तिन्ही एकदा मोठ्याने वाचायच्या, पाठ करायचा प्रयत्न करायचा नाही. चौथ्या दिवशी मुलाला विचारावे की आंघोळ करताना, सायकलवर, जेवताना कोणती ओळ आपोआप तोंडात आली. जिच्या ओळी अशा न बोलावता येतात ती कविता त्या मुलाची. एकदा तिन्ही कविता फोनवर ध्वनिमुद्रित करून ज्याने त्या वाचलेल्या नाहीत अशा कोणाला तरी ऐकवाव्यात आणि कविता कशाबद्दल आहे एवढेच विचारावे. आपल्याला स्पष्ट वाटणारी कविता ऐकणाऱ्याला किती कळते हे त्यातून दिसते. अंतिम निर्णय मुलाचा असावा. पालकांच्या आवडीची कविता मूल आज्ञाधारकपणे पाठ करते, पण ती म्हणताना ते पालकांकडे पाहत राहते, आणि ते सभागृहातल्या सर्वांना दिसते.

पाठांतर

तीन आठवडे हाती असतील तर पहिले तीन दिवस पाठांतर करूच नये. अर्थ, अवघड शब्द, बोलणारा-ऐकणारा आणि विरामांच्या जागा यांतच घालवावेत. हे झाले की निम्मी कविता प्रयत्नांशिवाय पाठ झालेली आढळते. उरलेली शेवटच्या कडव्यापासून उलट पाठ करावी: आधी शेवटचे कडवे, मग त्याच्या आधीचे आणि शेवटचे, असे मागे मागे यावे. सुरुवातीपासून पाठ करणाऱ्याचे पहिले कडवे शंभरदा म्हटले जाते आणि शेवटचे दहादा, म्हणून व्यासपीठावर मुले शेवटाकडे डगमगतात. उलट क्रमाने पाठ केले की मूल जसजसे पुढे जाते तसतसे अधिक ओळखीच्या प्रदेशात येते.

कडवी एकसारखी असणाऱ्या कवितांत क्रम चुकतो. विंदा करंदीकरांच्या ‘घेता’ या कवितेत काय कोणाकडून घ्यायचे याची मालिका आहे, आणि एकदा ढगाच्या जागी दर्या आला की पुढचे सगळे घसरते. अशा वेळी क्रम शब्दांनी नव्हे, प्रवासाने लक्षात ठेवावा: माळावरून चालत सह्याद्रीच्या कड्यापाशी, तिथून वर ढगाकडे, ढगातून पुन्हा पृथ्वीकडे, मग दर्याकडे आणि अखेर भीमेकडे. बोटाने हवेत हा रस्ता दोनदा रेखला की विसरत नाही.

पाठ झाल्यावर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, जिना चढताना, भावंड मुद्दाम मध्ये बोलत असताना कविता म्हणून पाहावी. शांत खोलीत येणारी कविता शांत खोलीतच येते. मोठ्या कलाकारांची ध्वनिचित्रमुद्रणे आपले म्हणणे पक्के झाल्यानंतरच ऐकावीत, कारण त्याआधी ऐकले की मूल कवितेची नव्हे, त्या कलाकाराची नक्कल पाठ करते.

स्पर्धेच्या दिवशी

हावभाव वेगळे बसवू नयेत. ‘चंद्र’ म्हणताना बोट वर आणि ‘हृदय’ म्हणताना हात छातीवर, ही शाळाशाळांतून चालत आलेली पद्धत मला खटकते, कारण ती शब्द दाखवते आणि अर्थ झाकते. मूल खरोखर कोणाशी तरी बोलत असेल तर हात आपोआप हलतात, आणि नाही हलले तरी चालते. कवितेचे नाव आणि कवीचे नाव सांगून झाल्यावर एक श्वास घेऊन मगच पहिली ओळ सुरू करावी. ध्वनिवर्धक तोंडापासून वीतभर ठेवावा आणि उंची जमत नसेल तर आयोजकांना नम्रपणे जुळवायला सांगावे. त्यासाठी गुण जात नाहीत.

स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या दोन प्रती बरोबर असाव्यात, एक परीक्षकांसाठी आणि एक बाजूला बसलेल्या शिक्षकांकडे. यादीतली दुसरी कविताही वर्षभर मुखात राहू द्यावी, कारण काही स्पर्धांत अंतिम फेरीसाठी निराळी कविता मागतात.

बालकवींचा प्रसंग मी मुलांना निघण्यापूर्वी सांगते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मोठमोठ्यांसमोर आपली कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. मुले ऐकतात, आणि मग हमखास विचारतात की मध्येच ओळ विसरली तर काय करायचे. तेव्हा मी सांगते की माफी मागायची नाही, खाली पाहायचे नाही, आणि अडलेली ओळ पुन्हा पुन्हा ओढायची नाही. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याच्याकडे, समुद्राकडे, सरांकडे, पैठणीकडे पाहायचे, एक श्वास घ्यायचा आणि त्याला पुढे काय सांगायचे होते ते आठवायचे. एवढ्यात ओळ बहुधा येते. नाहीच आली, तर पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दापासून सुरू करायचे.